चौदा इंचांची भिंत

"एक थेंब आत आला नाही. रस्त्यावर फूटभर पाणी चढलं होतं, आणि एक थेंब आत आला नाही!"

"मग हे काय आहे? ताक?"

"हे पावसाचं आहे, आशा."

"आणि रस्त्यावरचं? ते कुठून आलं होतं, नळातून?"

"रस्त्यावरून घरात शिरतं ते पुराचं पाणी. ते भिंतीनं अडवलं. हे वरून पडलेलं. म्हणजे आतलं पाणी."

"आतलं पाणी! अहो, जरा बाहेर बघा. रस्ता बुधवारी सकाळीच सुकला. समोरच्या मकचिक रोसनाहचं मांजर रस्त्याच्या मधोमध अंग टाकून पडलंय. अख्ख्या गल्लीत ओलं काय आहे? आपलं अंगण. फक्त आपलं!"

"पंप आला की तासाभराचं काम आहे."

"पंप बुधवारी सकाळी येणार होता. आज शुक्रवार आहे."

"ख्रिसमसचे दिवस आहेत. लोक सुट्टीवर असतात."

"फणस नाही ना गेलेला सुट्टीवर! तो उभा आहे तिथे पाण्यात, तीन दिवस!"

सकाळचे साडेसात वाजले होते. घराच्या पायऱ्यांवर आशालता उभी, पायात काळे रबरी बूट. दारात शामकांत, इस्त्रीच्या हाफ पॅंटमध्ये, दाढी केलेला. निवृत्त झाला तरी सातच्या आत दाढी झालीच पाहिजे. आणि दोघांच्या समोर अंगण. अठरा फूट रुंद, तीस फूट लांब, आणि पोटरीपर्यंत तपकिरी पाण्यानं भरलेलं. पाण्यावर फणसाची पानं तरंगत होती, कापलेलं गवत तरंगत होतं, आणि कढीपत्त्याच्या रोपाची एक काळी प्लॅस्टिकची पिशवी हळूहळू स्वतःभोवती फिरत होती. चारही बाजूंनी, गेटच्या खालीसुद्धा, चौदा इंच उंचीची सिमेंटची भिंत. जहाजाच्या राखाडी रंगानं रंगवलेली. वरच्या कडेला पिवळा पट्टा, कुणाचा पाय अडखळू नये म्हणून.

सगळ्यात खालच्या पायरीवर त्यांची मुलगी आर्या बादली घेऊन बसली होती. सिंगापूरच्या विद्यापीठात, एनयूएसमध्ये, तिसऱ्या वर्षाला, सध्या सुट्टी. तिनं बादलीभर पाणी भिंतीपलीकडे फेकलं आणि म्हणाली, "आई, तू बोलतेस, बाबा बोलतात, वॉटर इज नॉट लिसनिंग. जस्ट ब्रेक इट लाह. तुझी चांकोल आहे ना? फोर टाइम्स, फिनिश."

चांकोल म्हणजे इथली मलय कुदळ, रुंद पात्याची. आशालतेची चांकोल मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभी होती. वीस पावलं लांब.

"मी नाही फोडणार," आशालता म्हणाली.

"व्हाय नॉट?"

"तू बादली उचल."

ज्या बाईनं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या अंगणातून पाणी बाहेर काढण्यात घालवलं, ती स्वतःच्या अंगणात हात बांधून उभी होती. रागानं उभी होती. आणि तो राग काही मंगळवारच्या पावसात उगवलेला नव्हता.

आशालता चिपळूणची. ब्याऐंशी साली लग्न होऊन सिंगापूरला आली, कारण नवऱ्याच्या कंपनीची जहाजं इथून सुटायची. शामकांत तेव्हा थर्ड इंजिनियर. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. आधी फ्लॅट होता. एकोणनव्वद साली पूर्वेकडच्या या गल्लीत बैठं घर घेतलं. गल्ली बशीसारखी खोलगट, पाऊस आला की भरायची, म्हणूनच घर त्यांच्या आवाक्यात आलं.

अंगण मिळालं म्हणून तिनं पहिली गोष्ट काय केली, तर थॉमसन रोडवरच्या एका नर्सरीत जाऊन गुलाबाची बारा रोपं मागितली. नर्सरीवाला म्हातारा क्वेक तिच्याकडे बघून हसला.

"रोज? फॉर हू? फॉर फंगस?"

"फॉर माय गार्डन."

"यू लिव्ह व्हेअर?" तिनं गल्लीचं नाव सांगितलं. क्वेकनं कपाळाला हात लावला. "अय्यो. दॅट वन नो गार्डन. दॅट वन लाँगकांग." लाँगकांग म्हणजे गटार.

आशालतेला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत गेली. भांडायलाच गेली होती, पण क्वेकनं तिच्या हातात कोंड्याची पिशवी दिली. तांदळाचा कोंडा, कोंबड्यांना घालतात तो. म्हणाला, घरी जा, जोराचा पाऊस लागला की अंगणात उभी राहा आणि हा उधळ. कोंडा कुठे वाहत जातो बघ, कुठे अडतो बघ. अडतो तिथे खुंटी ठोक. मग ये.

तिनं छत्री धरून, साडी खोचून, भर पावसात कोंडा उधळला. शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. समोरच्या मकचिक रोसनाहनं, मकचिक म्हणजे मलयमध्ये मावशी, नंतर हळूच विचारलं, की तुमच्यात हे पाऊस थांबवायला करतात का चालू राहायला.

तेव्हापासून पंचवीसेक घरांच्या अंगणात तिनं कोंडा उधळला असेल. क्वेककडे दोन वर्षं रोज सकाळी हाताखाली राबली आणि इथली माती शिकली. इथे झाड पाण्यावाचून मरत नाही, पाण्यानं मरतं. मातीला श्वास लागतो. पाऊस पडून गेल्यावर हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, चिकणमाती दाबली जाते आणि गवताखाली ताटली तयार होते. महिन्याला एकदा लोखंडी काट्यानं भोसकायचं, भोकांत जाडी वाळू भरायची. पावलामागे एक बोट उतार. चर नेहमी घरापासून लांब जाणारा, आणि त्याच्या तोंडाशी असं काही लावायचं ज्याला पाय ओले चालतात: हेलिकोनिया, लिली, अळू. कुंडीखाली ताटली नको म्हणजे नको.

एक्याण्णव साली पाणी घरात शिरलं. नेमका शामकांत रजेवर होता. पहाटे झोपेतून उठला, पाय खाली टाकला, आणि पाय पाण्यात गेला. त्या सकाळी त्याचा चेहरा कसा झाला होता, ते आशालतेनं कधी कुणाला सांगितलं नाही. जहाजाच्या इंजिनरूममध्ये पायाखाली पाणी लागणं म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं. तो आठवड्यानं जहाजावर परत गेला. आणि आशालतेनं अंगण खणायला घेतलं.

मागच्या पडवीपासून रस्त्याकडेच्या मोठ्या गटारापर्यंत तिनं चर काढला, वाकडा, नदीसारखा, मध्ये दगडगोटे. बाकीची जमीन टोपल्यांनी माती आणून उचलली. आणि डाव्या कोपऱ्यात, वीतभर उंच वरंब्यावर, फणस लावला. आठळी चिपळूणची नव्हे, गेलांगच्या बाजारातल्या फणसाची. क्वेक म्हणाला होता, "जॅकफ्रूट? इन युवर लाँगकांग? टू इयर, डाय." फणसाला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. दिवस चालतो, दोन चालतात. तिसरा नाही.

दोन वर्षं झाली. पाच झाली. सातव्या वर्षी क्वेक स्वतः बसनं आला, झाडाखाली उभा राहिला, बुंध्यावर थाप मारली आणि म्हणाला, "ओके. नाऊ यू कॅन टेक मनी फ्रॉम पीपल."

तो तिचा दाखला. शामकांतच्या भिंतीवर चौकटीत इंजिनियरकीचे पाच दाखले होते: सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, आणि कुठले कुठले. तिचा एकच होता आणि तो अंगणात उभा होता. नवं गिऱ्हाईक आलं की ती त्याला आधी त्या झाडाखाली नेऊन उभं करायची. चौदा-पंधरा पाऊसकाळ काढलेला फणस, या खोलगट गल्लीत. मग तिला दुसरं काही सांगावं लागत नसे.

पण लोक! लोक म्हणायचे, हौस.

गणपतीच्या कार्यक्रमात सविता, म्हणजे तिच्या एका गिऱ्हाइकाची, चंद्रशेखरची बायको, रेशमी साडी सावरत म्हणाली होती, "आशाताई, किती छान हौस आहे हो तुम्हाला! मलापण वेळ असता ना..." त्याच दिवशी सकाळी साडेसहाला आशालता सविताच्याच अंगणात, ढोपरापर्यंत चिखलात, चर मोकळा करत होती. सविता तेव्हा झोपली होती. आशालता प्रसादाची वाटी हातात घेऊन नुसती हसली. त्या हसण्यावर तिला पुढे चार दिवस राग येत राहिला.

डेंग्यूचं वर्ष आलं, दोन हजार पाच. तपासनीस घरोघर फिरू लागले, तेव्हा तिनं एका आठवड्यात चाळीस घरांतल्या कुंड्या, कपडे वाळत घालायच्या बांबूंच्या खोबणी, छपराच्या पन्हळी हातानं साफ केल्या. नखं काळी, पायाच्या बोटांत बुरशी, व्हॅनमध्ये कायम ओल्या मातीचा वास. आणि शामकांतचा फोन यायचा, कधी डर्बनहून, कधी रॉटरडॅमहून:

"काय, गवत काय म्हणतंय तुझं?"

"वाढतंय."

"छान छान. मन रमतं ना?"

मन रमतं! ती फोन ठेवायची आणि भांडी इतकी आपटायची की आर्या खोलीतून ओरडायची, "आई, डिड बाबा कॉल?"

पुढच्या वर्षी जूनमध्ये शामकांत कायमचा किनाऱ्यावर आला. पहिल्या महिन्यात त्यानं स्वयंपाकघरातल्या बरण्यांना नंबर घातले. दुसऱ्या महिन्यात आर्याच्या बाथरूममध्ये जाण्याच्या वेळेचा तक्ता केला. आशालतेनं चालवून घेतलं. तीस वर्षं ज्यानं इंजिन चालवलं, त्याला काहीतरी चालवायला लागणारच.

ऑक्टोबरमध्ये एक दिवस नोव्हेना भागातल्या एका डॉक्टरबाईंच्या घरचं काम आटपून ती पाचला परत आली. व्हॅन रस्त्यात लावली आणि तशीच आत बसून राहिली. अंगणाभोवती दोन गवंडी भिंत चढवत होते. शामकांत टेप घेऊन उभा.

"हे काय?"

"कोमिंग!" त्याचे डोळे चमकत होते. "जहाजाच्या प्रत्येक दाराला, हॅचला असतो तसा उंच काठ. डेकवर लाटा आल्या तरी आत पाणी नाही. साधी गोष्ट आहे. मला आश्चर्य वाटतं, या गल्लीत कुणाला कशी सुचली नाही."

"आणि माझा चर?"

"त्याचं तोंड बंद केलं. गटार भरलं की तिथूनच पाणी उलटं आत येणार. तो वीक पॉइंट होता."

"तुम्ही मला विचारलं नाहीत?"

"अगं, सरप्राइज! तुझी बाग वाचावी म्हणून."

खरंच तिच्यासाठीच केलं होतं त्यानं. हेच तर जास्त चीड आणणारं होतं. त्यानं मुद्दाम वाईट केलं असतं तर ती सरळ भांडली असती आणि जिंकली असती. ती म्हणाली, बाहेरचं पाणी अडेल, पण आत पडलेलं जाणार कुठे? तो म्हणाला, पंप. ती म्हणाली, जहाजाच्या डेकलासुद्धा पाणी जायला भोकं असतात ना? तो म्हणाला, असतात, पण त्या भोकांतून समुद्र आत चढत नाही, इथे रस्ता चढेल. ती म्हणाली, एक्याण्णवनंतर पंधरा वर्षांत एकदा तरी पाणी घरात आलं का?

"मी नव्हतो ना इथे."

"हो ना. तुम्ही नव्हता."

"आशा, मी तीस वर्षं पाण्यावर काढलीत. तू मला पाणी शिकवू नकोस."

"पाण्यावर काढलीत. पाण्यात मी काढली."

तो हसला होता. छान बोललीस म्हणून दाद दिली होती! नोव्हेंबरच्या पावसांत पंप चालला. शामकांत दर पावसाला रेनकोट घालून पंपाशेजारी उभा राहायचा आणि पाणी भिंतीवरून बाहेर पडताना बघून घड्याळात वेळ मोजायचा. गेल्या मंगळवारी मात्र आभाळ पहाटेपासून कोसळलं ते संध्याकाळपर्यंत. आशालता दिवसभर गिऱ्हाइकांच्या घरी, एकामागून एक चर मोकळे करत. दुपारी दोनला पंपात गवत आणि फणसाची पानं अडकली. शामकांतनं तीनदा काढली. चौथ्यांदा पंपातून धूर आला. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा होता: तीनशे सहासष्ट मिलिमीटर. आर्यानं मोबाइलवर हिशेब केला आणि खो खो हसत सुटली.

"बाबा! फोर्टीन पॉइंट फोर इंचेस! तुमची भिंत फोर्टीन!"

त्यात छपराचंही पाणी. ते वरच्या पिवळ्या पट्ट्यापर्यंत भरलं, उरलं ते सांडलं, आणि मग तिथेच राहिलं.

आशालता मंगळवारी संध्याकाळी आली, पाण्यात उतरली, फणसापर्यंत गेली. वरंब्याचा माथासुद्धा पाण्याखाली होता. तिनं मनाशी हिशेब केला: दोन दिवस. दोन दिवसांत हा माणूस येईल आणि विचारेल, आशा, आता काय करायचं? विचारलं की मी फोडेन. न विचारता फोडली तर हा म्हणणार, हिनं फोडली. भिंत चांगलीच होती, हिनं फोडली. म्हणजे पुन्हा माझी हौस आणि याची सिस्टीम.

बुधवारी ती म्हणाली, "फोडा."

"पंप येतोय."

गुरुवारी म्हणाली, "फोडा."

"आज नक्की."

गुरुवारी संध्याकाळी तिनं पाण्यात हात घालून मुळाशी चिखल चाचपला. हाताला आंबट वास आला. तिनं हात धुतला, जेवली नाही, आणि तरीही चांकोलीला हात लावला नाही. हट्टाला पेटलेला माणूस असाच असतो. जळतंय ते स्वतःचं असलं तरी.

शुक्रवारी सकाळी हे भांडण इथपर्यंत आलं होतं, तेवढ्यात गेटबाहेर गाडी थांबली. चंद्रशेखर उतरला. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, नुकताच सिटिझन झालेला आणि दोन गल्ल्या पलीकडे घर घेतलेला. टाय, कडक पॅंट, चकाकणारे काळे बूट, हातात मोजायची टेप.

"गुड मॉर्निंग, शामकांतराव! वहिनी! ऑफिसला जाता जाता आलो. म्हटलं, भिंतीची मापं घ्यावीत. तुमच्याच गवंड्याला येत्या मंगळवारी यायला सांगितलंय." तो गेटपाशी आला, आत बघितलं, आणि टेप तशीच हातात राहिली. "हे... काय झालं?"

"काही नाही, काही नाही," शामकांत पायऱ्या उतरत म्हणाला. "रिझल्ट उत्तम आहे. बाहेरून एक थेंब आत नाही."

"मग हे?"

"आतलं आहे," आर्या बादली ओतत म्हणाली.

"आर्या!" शामकांतनं तिला गप्प केलं. "त्याचं असं आहे, चंद्रशेखर. भिंतीत दोष नाही. पंपाला पाणी एका जागी मिळायला हवं. आशाला बागेची हौस. तिनं कुठे वरंबे केलेत, कुठे खड्डे, तो एक वाकडातिकडा चर. मग पाणी पसरतं, पंप कचरा ओढतो. जमीन सपाट हवी. सपाट केली की सिस्टीम परफेक्ट."

"अच्छा, अच्छा. आमच्याकडेपण वहिनींनी तसाच चर काढलाय."

"भरून टाका तो."

"मंगळवारीच भरून घेतो मग. एकाच वेळी होऊन जाईल. चालेल ना, वहिनी?"

आशालतेनं त्याच्याकडे बघितलं. मग शामकांतकडे. मग ती वळली आणि घराच्या कडेनं मागे निघून गेली. बूट पाण्यात सपसप वाजत होते. परत आली तेव्हा तिच्या हातात चांकोल होती.

"आई?" आर्या उभी राहिली.

"सरक."

"आशा, काय करतेस? आशा! पंप येतोय आज!"

पहिल्या घावाला रंगाचे टवके उडाले. दुसऱ्याला चीर गेली. तिसऱ्याला, चौथ्याला काही झालं नाही, गवंड्यांनी काम चोख केलं होतं. ती रागानं घाव घालत होती, पण आंधळे नाही. नेमक्या त्याच जागी, जिथे तिच्या चराचं तोंड होतं. सातव्या घावाला भिंतीचा तुकडा बाहेरच्या बाजूला पडला आणि तीन दिवसांचं पाणी एकदम सुटलं. चंद्रशेखरच्या चकाकणाऱ्या बुटांवरून, पॅंटच्या घड्यांवरून, रस्त्याच्या कडेनं मोठ्या गटारात.

"वहिनी! माझे शूज!"

"सुकतील. सुकणारी वस्तू आहे ती."

"वेड लागलंय का तुला?" शामकांतचा आवाज चढला. मकचिक रोसनाह दारात आली. मांजर केव्हाच पळालं होतं. "लोकांसमोर! एक दिवस, फक्त एक दिवस थांबायचं होतं!"

"तीन दिवस थांबले. या, इकडे या. चंद्रशेखर, तुम्हीपण या, बूट भिजलेच आहेत आता."

पाणी झपाट्यानं उतरत होतं. आधी वरंब्याचा माथा दिसला, मग बाजू. आशालता गुडघ्यावर बसली, चांकोलीच्या कोपऱ्यानं माती सारली आणि अंगठ्याएवढं जाड मूळ उघडं केलं. नखानं साल ओढली. साल ओल्या कागदासारखी निघून आली. खाली पांढरं असायला हवं होतं, तपकिरी होतं.

"वास घ्या."

कुणी वाकलं नाही.

"घ्या ना वास! आंबलंय. गेलं झाड."

"पण वहिनी, हिरवंगार आहे की," चंद्रशेखर वर बघत म्हणाला. वर खरंच गडद हिरवी पानं होती आणि फांद्यांना हाताएवढ्या दोन कुयऱ्या लागल्या होत्या.

"महिनाभर राहील हिरवं. मग शेंड्याकडून पिवळं पडत येईल. तेव्हा लोक म्हणतील, अरे, काय झालं अचानक? अचानक काही होत नाही. बुधवारी फोडली असती तर जगलं असतं. गुरुवारी सकाळी फोडली असती तरी कदाचित."

"मग फोडायची होतीस!" शामकांत ओरडला. "मी काय तुझा हात धरला होता? घरात कुदळ आहे, अंगात ताकद आहे, आत्ता फोडलीस तशी बुधवारी फोडायची होतीस! आता माझ्यावर घालतेस?"

आर्यानं आईकडे बघितलं, कारण तीन दिवस तीही हेच म्हणत होती.

"नाही घालत," आशालता उठत म्हणाली. गुडघे चिखलानं माखले होते. "निम्मं माझं आहे. मी मारलं त्याला. कशासाठी, माहितेय? तुम्ही विचाराल म्हणून. मूर्ख मी! तुम्हाला वाटलं पंप येईल, मला वाटलं तुम्ही विचाराल. दोघंही दारात बघत बसलो आणि हे इकडे कुजलं."

"काय विचारायचं होतं? सांग तरी."

"एवढंच. आशा, आता काय करायचं? पाच सेकंद लागतात. कुठल्या जहाजावर काही बिघडलं, आणि तिथला जुना फिटर समोर उभा असला, तर त्याला विचारत नव्हता? विचारत होता. मला माहितेय, तुम्हीच सांगितलंय. मग माझ्यात काय कमी होतं? वर्दी?"

"हे बघ, घरच्या गोष्टी..."

"घरच्या नाहीत! हे माझं काम आहे. हौस नाही. हौस तुमची, ही राखाडी!" तिनं भिंतीला बुटाची लाथ मारली. "चंद्रशेखर, ऐका. तुमचा चर भरायचा तर भरा, तुमचं घर आहे. पण भरलात तर तुमच्या अंगणात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. आणि सविताला सांगा, ती माझी हौस नव्हती. ती सकाळी साडेसहाला मोडणारी माझी पाठ होती."

"नाही नाही, वहिनी, मी... मी कॅन्सल करतो मंगळवारचं. तुम्ही म्हणाल तसं." चंद्रशेखर एका पायावर उभा राहून बुटातलं पाणी ओतत होता.

"बघा. यांना जमलं." ती शामकांतकडे वळली. आवाज खाली आला, आणि खाली आला म्हणून जास्त धारदार झाला. "आता तुम्ही. पावसाळा संपलेला नाही, अख्खा जानेवारी जायचाय. भिंत आहे, भिंतीला भोक आहे. उद्या रस्ता याहून वर चढला तर याच भोकातून पाणी आत येईल, आणि आतल्या उतारावर तुमच्या गवंड्यांनी सिमेंटचा राडा ओतून ठेवलाय, म्हणून ते परत बाहेर न जाता या वेळी घरात शिरेल. तुमच्या पलंगाखाली. काय करायचं, ते मला ठाऊक आहे. चंद्रशेखर आहेत, आर्या आहे, ती समोर मकचिक उभी आहे. सगळ्यांसमोर विचारा. एकदा."

शामकांतनं भिंतीच्या भगदाडाकडे बघितलं. पाणी आता बारीक झालं होतं. त्याचे ओठ हलले. आशालता चांकोलीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी होती, हलली नाही, तिनं त्याला मदतही केली नाही.

"बाबा," आर्या हळूच म्हणाली, "जस्ट आस्क लाह."

त्यानं पायरीजवळच्या चिखलातून आपल्या चपला शोधून काढल्या. एक सापडली, दुसरी सापडायला वेळ लागला. त्या पायांत घातल्या, हाफ पॅंटच्या इस्त्रीवर उडालेला चिखल हातानं झटकला, गेट उघडलं, आणि चंद्रशेखरच्या गाडीला वळसा घालून, न विचारताच, मोठ्या रस्त्याच्या दिशेनं चालू लागला.